आपणहून घेतलेले बंधन

नरकचतुर्दशीला उजाडण्यापूर्वी अभ्यंगस्नान करावे, असा आपल्याकडे नियम आहे. तो मोडला म्हणून कोणावर खटला भरल्याचे ऐकिवात नाही. तरीही ऐन थंडीत घरातली पोरेसोरे डोळे चोळत उठतात, उटणे लावून घेतात, पायाने कारीट चिरडतात आणि मगच फराळाकडे वळतात. त्याच पहाटेला लागू असलेला दुसरा एक नियम आहे, तो सरकारी. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात आवाजाचे फटाके वाजवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली बजावले. त्यामागे पोलीस आहेत, दंड आहे, वर्तमानपत्रांतली आवाहने आहेत. आणि तरीही पहिला सुतळी बॉम्ब किती वाजता उडतो, हे वाचकांना मी सांगायला नको. ज्याच्या पाठीशी कोणी नाही तो नियम आपण पाळतो, आणि ज्याच्या पाठीशी सारे शासन उभे आहे त्याला वळसा घालतो. असे का व्हावे?

याचे एक उत्तर सोपे आहे. पहिला नियम आपल्याला आपला वाटतो, दुसरा परका. पण हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. कारण घरचे नियम आणि सरकारचे कायदे यांच्या मधे नियमांची तिसरी एक जात आहे. माणूस आपल्या खुशीने एखाद्या संस्थेत, पंथात, मंडळात शिरतो आणि तिचे नियम शिरावर घेतो. त्याला कोणी बोलावलेले नसते. हे बंधन त्याने आपणहून घेतलेले असते. अशा माणसाने संस्थेचा नियम किती मानावा, देशाचा कायदा किती मानावा, आणि दोहोंत तेढ पडली तर काय करावे, हा प्रश्न दिसतो तितका पुस्तकी नाही. आपणांपैकी प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या संस्थेचा सभासद असतोच.

या तिसऱ्या जातीचा अगदी ठळक नमुना म्हणजे फ्रीमेसन मंडळींची लॉज. आपल्याकडे या लॉजच्या इमारतींना लोक ‘जादूघर’ म्हणत. बंद दाराआड ही साहेबमंडळी काय करतात, याविषयी नाना दंतकथा असत. प्रत्यक्षात ही परंपरा गवंड्यांच्या कामावरून रूपक घेऊन उभी राहिलेली आहे. १७१७ साली लंडनमध्ये तिची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली असे मानतात, आणि १७२३ साली जेम्स अँडरसन याने तिची घटना छापून काढली. गवंड्याची हत्यारे हीच त्यांची चिन्हे. गुण्या म्हणजे काटकोनी, सचोटीचे वागणे. पाणसळ म्हणजे माणसामाणसांतली समानता. ओळंबा म्हणजे सरळपणा. आणि चौथे हत्यार कंपास. त्याचा अर्थ ते असा करतात, की माणसाने आपल्या वासनांभोवती वर्तुळ आखावे आणि त्याच्या आत राहावे. हे वर्तुळ स्वतःभोवती आखायचे असते, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या मंडळींचा कायद्याशी संबंध कसा असावा, हे अँडरसनच्या घटनेतच स्पष्ट केलेले आहे. सभासदाने देशाच्या सत्तेशी शांततेने वागावे, कटकारस्थानात पडू नये. लॉजमध्ये धर्माचे आणि राजकारणाचे वाद आणू नयेत, हा त्यांचा जुना दंडक. नव्या उमेदवाराला शपथ देण्यापूर्वी बजावले जाते, की तुझ्या नागरिक म्हणून असलेल्या, नीतीच्या वा धर्माच्या कर्तव्याला बाध येईल असे या शपथेत काही नाही. आपल्या देशात २४ नोव्हेंबर १९६१ रोजी स्वतंत्र ‘ग्रँड लॉज ऑफ इंडिया’ स्थापन झाली. तिच्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहेब असे अनेक धर्मग्रंथ ठेवलेले असतात आणि ज्याने त्याने आपापल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची असते. संस्थेचा नियम कायद्याच्या आत राहणारा, आणि माणसाच्या श्रद्धेला जागा ठेवणारा. कागदावर तरी याहून चोख व्यवस्था सुचणे कठीण.

पण कागद आणि माणूस यांत अंतर पडते. शपथ मोडणाऱ्याच्या नशिबी येणाऱ्या भयंकर देहदंडांचे उच्चार या मंडळींच्या जुन्या शपथांत असत. ते कोणी अमलात आणणार नव्हते, हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला ठाऊक होते. तरी देहदंड देण्याचा अधिकार राज्याखेरीज कोणालाही नाही, मग तो तोंडाने तरी का उच्चारावा, असा विचार होऊन इंग्लंडच्या मध्यवर्ती लॉजने १९८६ साली ते शपथांतून काढून टाकले. इटलीतली हकीगत याहून गंभीर. तिथल्या ‘प्रोपागांडा ड्यू’ नावाच्या लॉजला मातृसंस्थेने १९७६ सालीच तहकूब केले होते. पण ती आतल्या आत चालूच राहिली. १९८१ साली तिच्या सभासदांची यादी पोलिसांच्या हाती पडली, तेव्हा तीत मंत्री, सेनाधिकारी, संपादक, पेढीवाले अशी बडी बडी नावे निघाली. पंतप्रधान फोर्लानी यांचे मंत्रिमंडळ त्या धक्क्याने कोसळले आणि पुढल्या वर्षी गुप्त संघटनांना मज्जाव करणारा कायदा इटलीने केला. एकमेकांशी इमान राखण्याचा नियम या लोकांनी पाळला नाही असे कोणी म्हणणार नाही. तो त्यांनी फार चांगला पाळला. देशाशी असलेले इमान मात्र त्यात विकले गेले.

मुंबईची एक गोष्ट वेगळ्या बाजूने बोलकी आहे. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना इथल्या गोऱ्यांच्या लॉजमध्ये प्रवेश मिळेना. फ्रीमेसन मंडळींत उमेदवाराला घ्यावे की नाही हे पांढऱ्या आणि काळ्या गोळ्या टाकून ठरते, आणि काळी गोळी टाकणाऱ्याला कारण विचारीत नाहीत. माणकजी पॅरिसला जाऊन तिथल्या लॉजचे सभासद झाले. परत आल्यावरही मुंबईचे दार बंदच. तेव्हा डॉक्टर जेम्स बर्न्स या स्कॉटिश गृहस्थाने १८४३ साली हिंदी लोकांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज काढली. समानतेची पाणसळ चिन्ह म्हणून मिरवणाऱ्यांनी माणसाला दाराबाहेर ठेवले होते, आणि तेही सारे नियम पाळून! बाहेर तिष्ठलेल्या या माणकजींनी पुढे १८६३ साली मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली. दार बंद असण्याचे दुःख ज्याला कळले, त्याने दुसऱ्यांसाठी दार उघडले.

या तिन्ही हकीगतींतून मला एकच प्रश्न दिसतो. सभासदाने नियम पाळला की नाही, हा प्रश्न अर्धाच आहे. जो सभासद नाही, त्याच्यावर त्या नियमाचा भार पडला काय, हा उरलेला अर्धा प्रश्न. आणि देशाचा कायदा असतो तो मुख्यतः या बाहेरच्या माणसासाठी.

हा विचार पारखून पाहायला मला लंडन-मुंबईला जावे लागत नाही. आमचा नगर जिल्हा, ज्याला २०२४ पासून अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे, यासाठी पुरेसा आहे. या जिल्ह्यात नेवासे आहे, जिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे आपण मानतो. ती सांगणाऱ्याचे बालपण कशात गेले, हे मराठी घरात सांगावे लागत नाही. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने ते पुन्हा संसारात आले, आणि समाजाने त्यांना वाळीत टाकले, अशी परंपरागत कथा आहे. संन्यासाचा नियम विठ्ठलपंतांनी आपणहून घेतला होता. त्याचा जाब त्यांना विचारला हे एक वेळ समजू शकते. पण त्या चार मुलांनी कुठला संन्यास घेतला होता? ज्याने शपथ घेतलीच नाही त्याला शपथभंगाची शिक्षा, हे त्या कथेचे खरे मर्म. पुढे त्याच ज्ञानेश्वरांच्या वाटेने जाणारा वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालू लागला. माळ घातली की मांस वर्ज्य, दारू वर्ज्य, एकादशी करायची, वारी चुकवायची नाही. हे बंधन कडक आहे. पण माळ ज्याच्या गळ्यात, नियम त्याच्यापुरता. शेजाऱ्याने काय खाल्ले हे पाहायला वारकरी त्याच्या ताटात डोकावत नाही.

‘सभासद’ हा शब्द आमच्या जिल्ह्यात इतका रुळलेला आहे, की त्याला लॉजची गरज नाही. १९५० साली लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना चालू झाला, तेव्हापासून शेतकरी आपली ओळख ‘मी अमक्या कारखान्याचा सभासद’ अशी सांगतो. सभासदाने ऊस आपल्या कारखान्यालाच घालावा, हा तिथला नियम. गुळाला भाव चढला किंवा दुसऱ्या कारखान्याने चार पैसे जास्त देऊ केले, की या नियमाची परीक्षा होते. ऊस मुबलक असताना तो पाळणाऱ्याचे कौतुक कशाला? नियम पाळून खिशाला चाट बसते त्या वर्षीच कळते, की हा मनुष्य सभासद होता की नुसता भागधारक.

पण बंधनाची याहून कठीण परीक्षा नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने दिली आहे. पर्जन्यछायेतले गाव, पाऊस बेताचा, तरणीताठी माणसे कामाच्या शोधात बाहेर गेलेली. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि त्यानंतर ग्रामसभेने पंचसूत्री पत्करली: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. पुढे आणखी नियम आले. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही. ऊस, केळी अशी पाणीपिऊ पिके लावायची नाहीत. गावात किती पाऊस पडला ते मोजायचे, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून रब्बीला काय पेरायचे ते ठरवायचे.

यात नवल काय, ते कायद्याशी ताडून पाहिले म्हणजे कळते. आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क मालकाला आहे, असे १८८२ च्या कायद्यापासून आपल्याकडे मानत आले. राज्याच्या २००९ च्या कायद्याने खोल विहिरींना थोडा लगाम घातला. पण हिवरे बाजारच्या शेतकऱ्याने स्वतःला जो लगाम घातला तो याहून कितीतरी आवळ. कायदा ‘घे’ म्हणत असता गावकरी ‘नको’ म्हणतो. कारण त्याच्या कूपनलिकेने शेजाऱ्याची विहीर आटते, हे त्याला दिसते. इथे नियम बाहेरच्या माणसावर भार टाकत नाही. उलट जो सभेत बोलू शकत नाही, म्हणजे शेजारची विहीर आणि उद्याचे पोर, त्याचा भार आपल्या डोक्यावर घेतो. फ्रीमेसनांच्या कंपासाचा अर्थ मला हिवरे बाजारच्या शिवारात जितका उमगला तितका कुठल्याही पुस्तकात उमगला नाही.

तरीही एक गोष्ट नजरेआड करू नये. चराईबंदी झाली तेव्हा बागायतदाराचे फारसे बिघडत नव्हते. अडचण होती ती शेळ्या राखणाऱ्या भूमिहीन माणसाची. डोंगर हेच त्याचे कुरण. त्याच्यासाठी गवत कापून नेण्याची वाट मोकळी ठेवली नसती, तर हा नियम डोंगर वाचवणारा ठरला असता आणि माणूस बुडवणारा. गवत वाढले, कापून नेता येऊ लागले, म्हणून तो टिकला. आणि नसबंदीसारखा नियम तर घराच्या उंबऱ्याआत जाणारा. त्याला समजुतीखेरीज दुसरे बळ वापरणे कधीच योग्य नव्हे.

बळाचा विषय निघाला की पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीची आठवण टाळता येत नाही. १९७५ साली सैन्यातून परत आलेल्या अण्णा हजारे यांनी ते गाव उभे केले, हे निर्विवाद. पाणलोटाचे काम, श्रमदान, दारूबंदी या साऱ्यांचे श्रेय त्यांना आहे. पण दारू पिऊन येणाऱ्याला खांबाला बांधून फटके मारले जात, हेही खुद्द अण्णांनी उघडपणे सांगितलेले आहे. आई नाही का आजारी लेकराला कडू औषध पाजीत, असे त्याचे समर्थन होते. त्या फटक्यांनी काही संसार वाचले असतील, आणि नवऱ्याच्या व्यसनाने पिचलेल्या बाईला मी नैतिक व्याख्यान देणार नाही. तरीही मला हे पटत नाही. पिणाऱ्याने शपथ घेतली असली, तरी फटक्यांची शपथ कोणी घेतलेली नसते. ज्याला शिक्षा करायची त्याला आपली बाजू मांडण्याची संधी मिळावी, शिक्षेला सीमा असावी, चूक झाली तर वरती दाद मागता यावी, यासाठीच तर न्यायालये आहेत. गावाच्या बहुमताजवळ यातले काही नसते. इंग्लंडच्या लॉजने ज्या कारणासाठी देहदंडाचे शब्दही वगळले, तेच कारण इथेही लागू पडते.

आणि आता नेवासे तालुक्यातलेच शनिशिंगणापूर. या गावची घरे बिनदाराची म्हणून जगभर गाजली. २०११ साली तिथे एका बँकेने शाखा उघडली, तीही कुलपाविना. चोरी करू नये, हे आपल्याकडे सगळेच म्हणतात. पण दाराशिवाय झोपून तसे म्हणणारे गाव विरळाच. हा नियम गावकऱ्यांनी स्वतःवर घेतलेला, त्यातला धोका स्वतः पत्करलेला. त्याला मनापासून नमस्कार करावा.

याच गावचा दुसरा नियम मात्र वेगळ्या जातीचा होता. शनीच्या चौथऱ्यावर स्त्रियांनी चढायचे नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक स्त्री चौथऱ्यावर जाऊन आली, तर शिळेला दुधाचा अभिषेक करून शुद्धीकरण झाले. २६ जानेवारी २०१६ रोजी दर्शनाला निघालेल्या स्त्रियांना सुप्यापाशी अडवले. दरम्यान विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या होत्या. न्यायालयाने आठवण करून दिली, की १९५६ सालापासून या राज्यात कायदा आहे; सार्वजनिक हिंदू पूजास्थानात कोणाला अडवणे हा गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. साठ वर्षे कायदा कागदावर होता आणि रूढी चौथऱ्यावर. मग विश्वस्तांनी तोड काढली: पुरुषही नकोत, स्त्रियाही नकोत. ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, परंपरेचे जल घालण्यासाठी गावचे पुरुष ही बंदी मोडून चौथऱ्यावर चढले, आणि त्याच दिवशी चौथरा सर्वांना खुला झाला.

हा पाडव्याचा प्रसंग मला फार शिकवणारा वाटतो. स्त्रियांवरचा निर्बंध ‘परंपरा आहे, पाळलीच पाहिजे’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. तोच निर्बंध पुरुषांवर आला, तेव्हा तो आठवडाभरही टिकला नाही. दुसऱ्यावर घातलेला नियम आपल्याला नेहमीच सोपा वाटतो. तो आपल्या अंगावर घालून पाहिला, म्हणजे त्याचे वजन कळते.

यावर कोणी विचारील, की सारे कायद्यावरच सोपवायचे तर कायदा स्वतःच अन्यायी असला म्हणजे काय करायचे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचेही उत्तर नगरच्या किल्ल्यात आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद यांना इंग्रज सरकारने तिथे आणून कोंडले. त्यांनी आदल्या दिवशी भर सभेत ठराव करून सांगितले होते, की ही सत्ता आम्ही मानणार नाही. लपवाछपवी नव्हती, आणि त्याची किंमत त्यांनी सुमारे तीन वर्षे तुरुंगात मोजली. इटलीच्या त्या गुप्त यादीशी हे ताडून पाहावे. कायदा मोडणारे दोघेही. पण एकाने उजेडात मोडला आणि त्याचे ओझे स्वतः उचलले, दुसऱ्याने अंधारात मोडला आणि ओझे देशावर टाकले. कायद्याचा मान पहिल्यानेच राखला, असे मी म्हणेन.

म्हणून कोणत्याही संस्थेत शिरताना सभासदाने स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. हा नियम मला महाग पडेल त्या दिवशीही मी पाळीन काय? जो या संस्थेत नाही, त्याच्यावर याचा भार पडतो काय? आणि हा नियम मी चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवू शकेन काय? तिन्ही उत्तरे मनासारखी आली, तर नियम कितीही कडक असो, खुशाल घ्यावा. त्याने माणूस लहान होत नाही. पण दुसऱ्या प्रश्नाशी मन अडखळले, तर तिथे थांबून देशाच्या कायद्याला विचारावे. कारण त्या बाहेरच्या माणसाच्या वतीने सभेत बोलणारा दुसरा कोणी नसतो.

आपण सारेच कुठे ना कुठे सभासद आहोत. कोणी गृहनिर्माण संस्थेत, कोणी गणेशमंडळात, कोणी महिलामंडळात, कोणी पतपेढीत. वार्षिक सभेत नवा नियम येतो: भाडेकऱ्याने ही लिफ्ट वापरू नये, मोलकरणीने त्या बाकावर बसू नये, अमक्या जातीधर्माच्या माणसाला घर देऊ नये. हात वर होतात, ठराव ‘एकमताने’ मंजूर होतो. ज्याच्याविषयी ठराव झाला तो त्या सभेला नसतो. अशा वेळी एखाद्या सभासदाने हात खालीच ठेवला, आणि हा नियम आधी आपल्याला लावून पाहू, एवढे शांतपणे म्हटले, तर नियमांचा खरा मान राखणारा त्या सभेत तो एकटाच असेल.